ओळखीचा लाल

अग्निशामक दलाची दोन माणसं आपल्या गाडीचा दरवाजा उचलून घेऊन आली आणि त्यांनी तो तिच्या टेबलाला टेकवून उभा केला, तेव्हा रंगाची शेड जुळवायच्या खोलीतले सगळे आधी हसलेच. दरवाजा म्हणजे दरवाजाच, काचेसकट, मुठीसकट, गाडी तेवढी नाही. मिक्सर चालवणारा हत्ती (रंगाच्या त्या कारखान्यात त्याच्या अंगापिंडामुळं त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाकच मारत नसे) म्हणाला, "उरलेली गाडी मागून येतेय का? की हप्त्याहप्त्यानं आणणार?" आलेल्या दोघांतला थोरला हसला नाही. "बाई, तुम्हीच बघा," तो म्हणाला. "वरचा अर्धा भाग जुना आहे. खालचा ठोकून सरळ केला आणि तुमच्या नव्या डब्यातला रंग दिला. आता लोक विचारतात, दोन गाड्या जोडून एक केलीत का म्हणून." तिनं खुर्ची मागं सारली, वाकून बघितलं. वरचा लाल, खालचा लाल. मध्ये रेघ जाणवत होती, नाही असं नाही, पण अख्खा दरवाजा उपटून आणावा असं काय होतं त्यात? उगाच बोभाटा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात डाव्या डोळ्यात सललं. काही दिवस तिथं असंच काहीतरी दुखत होतं, नजर वळवली की जास्तच. तिनं मनगटानं तो डोळा झाकून चोळला, आणि समोरचा दरवाजा बदलला. खालचा अर्धा भाग एकदम गडद, कोंदट, साकळल्यासारखा, वरचा लख्ख. रेघ कसली, मध्ये भिंतच होती. तिनं मनगट काढलं. दरवाजा पुन्हा बरा दिसायला लागला. मग कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून केस मागं सारल्यासारखं करून तिनं उजवा डोळा झाकला, आणि डाव्या डोळ्यापुढं जे उरलं ते लाल नव्हतंच. फार वेळा धुतलेल्या कापडासारखा विटका रंग, वरही तोच, खालीही तोच, आणि मधोमध एक धुकटसा डाग. ती सरळ झाली. हत्ती अजून हसत होता. "काय म्हणते आमची घार?" त्यानं विचारलं. घार हे तिचं कारखान्यातलं नाव; इतक्या उंचावरून हिला उंदराची मिशी दिसते, असं कधीतरी कुणीतरी म्हणालं होतं आणि ते चिकटून बसलं होतं. घार म्हणाली, "बॅच चुकलीय." आणि टेबलाची कड धरून उभी राहिली, कारण दरवाज्यापेक्षा आपणच जास्त निखळलो आहोत असं तिला वाटायला लागलं होतं.

हा लाल तिला पाठ होता. खरं तर पाठच करायचा नसतो. मूळ नमुन्याचं कार्ड उजेडानं उडू नये म्हणून काळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेलं असतं. दर बॅचला ते काढायचं, उजेडाच्या पेटीत वाळलेल्या नमुन्याशेजारी कडेला कड लावून धरायचं आणि मगच बोलायचं, हा नियम. नव्या माणसांना ती तो रागावून शिकवायची. पण या एका लालापुरतं ते पाकीट तिनं कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. हत्ती पत्र्यावर रंग ओढून आणायचा, ती जाता जाता नजर टाकायची, "पिवळ्याकडं झुकलाय, सावर," म्हणायची, आणि तो सावरायचा. त्यात तिचा तोरा होता, आणि कारखान्यालाही त्या तोऱ्याचं कौतुक होतं, पाहुणे आले की मॅनेजर मुद्दाम तिच्या टेबलाशी थांबून म्हणायचे, "या बाईंना कार्ड लागत नाही." आणि त्या बॅचच्या दिवशी तो लाल तिला फिका वाटला होता. "वाढव," ती म्हणाली होती. तरी फिकाच. "अजून?" हत्तीनं भुवया चढवल्या होत्या. "घार म्हणतेय ना, मग अजून," असं म्हणून तीच हसली होती. दरवाज्यासमोर उभ्या उभ्या तिला सगळं एखाद्या गणितासारखं सुटत गेलं. कार्ड काढलं असतं तर या अधू डोळ्याला कार्डही तितकंच फिकं दिसलं असतं, दोन्ही फिके एकमेकांशी बरोबर जुळले असते आणि बॅच वाचली असती. आंधळा होत चाललेला डोळासुद्धा शेजारी ठेवलेलं खरं तोलू शकतो. चुकलं ते डोळ्यामुळं नव्हे, आठवणीमुळं. डोक्यातला लाल जुना, झळझळीत, समोरचा आजचा. आणि तिनं डोक्यातल्यावर विश्वास ठेवला.

तिनं डोळ्याचं सांगितल्यावर मॅनेजर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते टेबलाशी येऊन बसले, दरवाज्याकडं बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "बाई, डोळा दाखवून या. रजा घ्या. तोवर मशीनवर भागवू." रंग मोजायचं ते मशीन कोपऱ्यात कापडाखाली पडलेलं असायचं, हत्ती त्याला सवत म्हणायचा. त्या दिवशी त्याचं कापड काढताना हत्तीनं तिच्याकडं पाहिलं नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला नसांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी एमआरआयच्या घरघरत्या बोगद्यात घातलं, मग पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. नसांची डॉक्टर तिच्याहून लहान होती, केस घाईनं बांधलेले, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर न हलवणारी. तिनं पडद्यावर मेंदूची चित्रं लावली. राखाडीत पांढरे ठिपके. "नसांवर एक पातळ चरबट वेष्टन असतं, मायलिन म्हणतात," डॉक्टर म्हणाली. "ते असलं की निरोप झरझर जातो. तुमच्या डाव्या डोळ्याच्या नसेवरचं काही ठिकाणी सोललं गेलंय." शेजारी बसलेला तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो लगेच म्हणाला, "वायरीवरचं वेष्टन गेलं." त्याला काहीतरी कळल्याचा इतका आधार वाटला की त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या पाय पसरले. तिनं विचारलं, "कशानं सोललं? आमच्याकडं दिवसभर थिनरचा वास असतो. त्यानं?" "तुमच्या बाबतीत तसं म्हणायला काही आधार नाही," डॉक्टर म्हणाली. "सोलणाऱ्या तुमच्याच पेशी आहेत. रक्तातल्या, संरक्षणाच्या." आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकताना खोलीतला पंखा, बाहेरच्या बाकावरचं खोकणं, नवऱ्याच्या किल्ल्यांची किणकिण, सगळं दूर गेलं. संरक्षक पेशी शत्रूला अख्खा ओळखत नाहीत म्हणे, त्याचा एक बारीकसा तुकडा ओळखतात. आणि एकदा ओळखला की पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. तरुणपणी कधी गळ्यातल्या गाठी सुजून रेंगाळणारा ताप आला होता का? त्या तापाचा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात कधी ना कधी येतोच, आणि लाखो लोकांना त्याचं पुढं काही होत नाही. पण एखाद्याच्या शरीरात त्या विषाणूचा तुकडा आणि या वेष्टनाजवळच्या प्रथिनाचा तुकडा इतके सारखे पडतात की पेशी गफलत करतात. एरवी मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, वाटेल त्याला आत घेत नाहीत. या मात्र आत शिरतात, वेष्टन बघतात, त्यांना वाटतं तोच आला, आणि तुटून पडतात. वर गोंगाट करून आणखी जणांना बोलावतात. "त्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात, पण तुमच्यात त्या कमी पडताहेत, असा अंदाज आहे. सगळं अजून कुणालाच नीट उलगडलेलं नाही, हेही सांगून ठेवते," डॉक्टर म्हणाली. घार पडद्यावरच्या ठिपक्यांकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे कार्ड न काढताच शेड जुळवली." "काय म्हणालात?" डॉक्टरनं विचारलं. नवरा कसनुसा हसला. "कामाच्या जागचं बोलतेय," तो म्हणाला. "तिला सगळ्यात रंगच दिसतात."

तो ताप तिला आठवत होता. शिकायला परगावी राहायची तेव्हाची खोली, लोखंडी खाट, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. गळा असा सुजलेला की थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. काढा, गोळ्या, कशालाच तो ताप दाद देत नव्हता, आणि मग एका सकाळी कपाळ गार, अंग पिसासारखं हलकं, आणि टाकीवर बसलेली चिमणी इतकी स्पष्ट, की तिचं एकेक पीस वेगळं दिसलं. कुणीतरी आपल्यासाठी लढलं, जिंकलं आणि मागं काही न मागता निघून गेलं असं तेव्हा वाटलं होतं, आणि तिनं खाटेवरूनच हात जोडले होते, देवाला. आता कळत होतं की जे लढले ते निघून गेलेच नव्हते. इतकी वर्षं ते आत जागे होते. तो चेहरा लक्षात ठेवून, दर वळणावर येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत, हाच का तो, हाच का. तिला त्यांची भीती वाटायला हवी होती. वाटली ती भलतीच गोष्ट. आपल्याच धंद्यातलं माणूस परक्या गावात भेटावं तसं काहीसं. ही चूक नवशिक्याच्या हातून होत नाही. नवशिका घाबरून शंभरदा कार्ड काढतो. ही चूक फक्त त्याच्या हातून होते ज्याला सगळं पाठ झालेलं असतं.

शिरेतून दिलेल्या औषधानं डोळा हळूहळू परत आला. आधी धुकं विरलं, मग एका दुपारी दोरीवर वाळणारा टॉवेल दोन्ही डोळ्यांना हिरवा दिसला आणि तिनं तिथंच, हातात चिमटे घेऊन, देवाचं नाव घेतलं. लाल मात्र शेवटी आला, आणि पूर्ण आला नाही. केसभर मागंच राहिला. ती कामावर परतली तेव्हा हत्तीनं वाळलेल्या नमुन्याबरोबर काळं पाकीटही समोर ठेवलं, न सांगता, आणि वर म्हणाला, "मॅडम, आपल्या सेवेत." "जास्त नाटकं करू नकोस," ती म्हणाली. पण तिनं पाकीट उघडलं, दर वेळी उघडत राहिली, आणि बॅचेस बरोबर जायला लागल्या. सवतीचे आकडे आणि तिचा डोळा यांचं बहुतेक वेळा जमायचं. जमलं नाही की हत्ती दोघींच्या मध्ये हात जोडून उभा राहायचा. सगळं होतं तसं झालं, असं म्हणता आलं असतं. फक्त पत्रे भाजायच्या भट्टीजवळ थोडा वेळ उभं राहिलं, अंग तापलं, की डाव्या डोळ्यातला लाल कुणीतरी खालून बूच काढल्यासारखा गळून जायचा. बाहेर गार वाऱ्यात आलं की परत भरायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. जिन्यात उभी राहून ती रंग परत यायची वाट बघायची, आणि दर वेळी वाटायचं, या खेपेला आला नाही तर?

पुढच्या तपासणीत डॉक्टरनं नवा ठिपका दाखवला. त्यानं काही दुखत नव्हतं, काही बधिर नव्हतं, तो नुसता होता. "हा बोलला नाही," डॉक्टर म्हणाली, "पुढचा बोलेल. डोळ्यात बोलेल, पायात बोलेल, सांगता येत नाही. आता थांबू नये असं माझं मत आहे." औषध दर काही महिन्यांनी शिरेतून द्यायचं होतं. ज्या पेशी ही जुनी ओळख वागवतात, इतरांना ती दाखवून चिथावतात, त्या जातीच्या पेशी ते रक्तातून काढून टाकतं. "काढून टाकतं म्हणजे?" "मारतं." डॉक्टरनं शब्द फिरवला नाही. हल्ले त्यानं पुष्कळ कमी होतात, बहुतेकांचे. पण कायमची हमी नाही. जंतुसंसर्गाला जपावं लागेल. ती घरी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन निष्कारण भांडी पुसत बसली. नवऱ्यानं दारातून विचारलं, "मग कधी घ्यायचं?" "बघू." "बघू काय? डॉक्टर स्वच्छ सांगतेय." "डोळा बरा आहे आता." "ठिपका कुठं बरा आहे?" तिनं फडकं ठेवलं. कसं सांगायचं ते तिला समजत नव्हतं, तरी सांगितलं. "अहो, माझी बॅच चुकली तेव्हा मॅनेजरनी मला काढलं का? त्यांनी दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असता, इतक्या वर्षांच्या कामाचं हेच का फळ. त्या ज्या आहेत आत, त्यांनीच मला तेव्हा वाचवलं. जन्मभर वाचवताहेत. आणि एका चुकीपायी सरसकट…" नवरा तिच्याकडं बघत राहिला. "तू काय त्यांचं वकीलपत्र घेतलंयस का?" तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "मला त्यांचं काही माहीत नाही. मला तू माहीत आहेस. कारखान्यातून तापून आलीस की आपल्या जिन्यात कठडा धरून चढतेस. मला दिसत नाही असं वाटतं तुला?" तिनं पुन्हा फडकं उचललं. त्याला दिसत होतं तर. तीच ताटली तिनं पुन्हा पुन्हा पुसली.

मामंजींना, तिच्या सासऱ्यांना, त्या घरात कुणी काही सांगायची गरज पडत नसे. ते आपल्या खोलीत टाळ पुसत बसायचे आणि भिंतीतून सगळं ऐकायचे. नोकरी संपल्यापासून त्यांचं एकच काम होतं: संध्याकाळी प्रार्थनेच्या सभागृहात उभं राहून देवाच्या गोष्टी गात गात सांगायच्या, मध्येच लोकांना हसवायचं, हसता हसता त्यांचा गळा दाटून आला की पुन्हा सूर धरायचा. आवाज आता चिरफळला होता, पण त्या चिरेतूनच काहीतरी आत शिरायचं. लग्न होऊन आली तेव्हा ती त्यांना ऐकायला आडोशाला बसायची, आणि गोष्टीपेक्षा त्यांच्या कपाळावरची उठणारी शीर बघत राहायची. माणूस देवाचं नाव घेताना इतका जीव लावतो हे तिनं तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली. "सूनबाई, तुझं म्हणणं ऐकलं मी काल. चोरून ऐकलं असं म्हण हवं तर." "भिंतच पातळ आहे, मामंजी." "भिंत पातळ आहे आणि म्हातारा खोडकर. मला एक सांग, तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना हे विचारलंस का?" "काय विचारू? की तुमचं औषध त्या पेशींवर अन्याय करतं म्हणून? हसतील." "हसू दे. हसताना माणूस खरं सांगतो. गोष्टींतली माझी सगळी मिळकत त्यावरच झाली," ते म्हणाले.

तिनं विचारलं. फोनवर, कारखान्याच्या अंगणात, पिंपांच्या आडोशाला. डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "ताई, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी जितकं माहीत आहे तितकं सांगते. सगळ्या जात नाहीत. हाडांच्या पोकळीत ज्यांच्यापासून या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींना हे औषध हात लावत नाही. जुन्या आजारांविरुद्धची हत्यारं बनवत बसलेल्या ज्या म्हाताऱ्या पेशी तिथंच मुरलेल्या असतात, त्याही बहुतांशी राहतात. जातात त्या मधल्या, रक्तात फिरणाऱ्या. आणि काही महिन्यांनी परत नव्या यायला लागतात. त्या बहुतेक कोऱ्या असतात. त्यांनी अजून कुणाला पाहिलेलं नसतं." "त्यांना शिकवता नाही का येत? जुन्यांनाच, की हा तो नव्हे म्हणून?" "त्यावर माणसं रात्रंदिवस खपताहेत. आज माझ्या हातात ते नाही." "आणि जे सोललं गेलं ते?" "वेष्टन पुन्हा घालणाऱ्या पेशी मेंदूत असतात. हल्ले थांबले तर त्या आपलं काम करतात. पूर्ण नाही, पातळ घालतात, पण घालतात. तुमचा डोळा परत आला त्यात त्यांचाही वाटा असणार." फोन ठेवल्यावर ती पिंपांपाशीच उभी राहिली. आत म्हणजे आपल्या आतच, ठिपक्यांच्या कडेला, कुणीतरी निमूटपणे बसून उघडी नस पुन्हा गुंडाळत आहे, आणि वर मारामारी चालली आहे. त्या बिचाऱ्यांनी गुंडाळायचं आणि यांनी पुन्हा सोलायचं. या गुंडाळणाऱ्यांचा विचार तिनं आजवर केलाच नव्हता. त्यांची बाजू घ्यायला कुणीच नव्हतं.

त्या दुपारी लालांचीच कामं होती. एक ट्रॅक्टरचा, एक खेळण्यांचा, एक कुठल्याशा शाळेच्या फाटकाचा. लाल फार वेळ बघितला की चांगला डोळासुद्धा थकतो. लाल दिसेनासा होत नाही, उलट पुढचा प्रत्येक रंग मागच्याच्या चष्म्यातून दिसायला लागतो. अशा वेळी नजर पेटीच्या राखाडी भिंतीवर ठेवून बसायचं असतं. राखाडीत बघण्यासारखं काही नसतं, म्हणूनच. आधी त्यावर हिरवट सावल्या तरंगतात, मघाच्या लालाची भुतं. मग त्या विरतात आणि नुसतं राखाडी उरतं. हे ती रोज करत आली होती. कधी तिला वाटलं नव्हतं की यात आपण डोळ्याला काही शिक्षा करतोय, किंवा मघाच्या लालाशी बेइमानी करतोय. हत्ती मागं येऊन उभा राहिला. "झोपलीस की काय?" "डोळा रिकामा करतेय." "लवकर कर. ट्रॅक्टर घट्ट होतोय." ती हसली, आणि हसता हसताच ठरलं. ठरलं असं तरी तिला वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला तारीख घ्यायला सांगितली; त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तिथं ठेवला.

पण खुर्चीत बसल्यावर ते सगळं कुठल्या कुठं गेलं. लांबट खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी औषधाची पिशवी टांगायचा दांडा. नवऱ्याला कामावरून निघता आलं नव्हतं, एका इमारतीची लिफ्ट माणसांसकट अडकली होती. मामंजी सोबत आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, जणू सभागृहातच निघालेत. नर्सनं शीर शोधली, आधी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, मग पिशवी लावली. थेंब पडायला लागले. इतकं साधं, पाण्यासारखं, ज्याला रंगच नाही. तिला वाटलं, रंग तरी असायला हवा होता. मग कळलं असतं कुठं पोचलंय. ती हाताकडं बघत राहिली, कोपराच्या आतली ती निळसर शीर, तिथून वर. आता खांद्यापाशी असेल. आता त्यांना कळलं असेल का? त्यांना वाटेल हाही कुणीतरी ओळखीचाच. थोड्या वेळानं घशात खाज उठली. मग कानांच्या पाळ्या गरम झाल्या, छातीवर चट्टे आले, आणि खोलीतले सगळे रंग डाव्या बाजूनं विटायला लागले. तिनं मामंजींचं मनगट घट्ट पकडलं. नर्स धावत आली, तिनं थेंब बंद केले, नाडी बघितली, आणखी एक इंजेक्शन दिलं. "पहिल्या वेळी होतं असं," ती म्हणाली. "त्या पेशी मरताना जे सोडतात त्याचं हे. थोडं थांबू. बरं वाटलं की अगदी हळू सुरू करता येईल. पण जबरदस्ती नाही हं. आज नको वाटलं तर तसं सांगा, डॉक्टरांशी बोलून पुन्हा ठरवू." आणि ती पलीकडच्या खुर्चीकडं गेली.

मरताना जे सोडतात. तिनं डोळे मिटले. मिटल्यावरही ती खाज होती, म्हणजे ते होते. आत काहीतरी ओरडत संपत होतं आणि तो ओरडा तिच्याच कातडीवर उमटत होता. उठावं, जावं. डोळा बराच आहे. पुढचा ठिपका बोलेल तेव्हा बोलेल. सांगायला तोंड उघडणार तोच शेजारून मामंजींचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, गुणगुणल्यासारखा. "एक होता राखणदार," ते म्हणत होते, अर्धं गात, अर्धं बोलत, "मोठ्या वाड्याचा नव्हे हो, साध्याच घराचा. एकदा लाल शाल पांघरून चोर आला. राखणदारानं त्याला असा धरला, असा बदडला, की चोर पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही." पलीकडच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मान वळवली. नर्स म्हणाली, "आजोबा, इथं गाणं नाही." "गाणं नाही हो, खोकला आहे. सुरात येतो इतकंच," मामंजी म्हणाले, आणि गृहस्थ म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या, मला तरी कुठं काही काम आहे." नर्सनं कपाळाला हात लावला आणि पाठ फिरवली, पण दूर गेली नाही. "तर त्या दिवसापासून राखणदार झोपला नाही," मामंजी पुढं म्हणाले. "लाल दिसलं की उठायचा. मालकिणीची लेक लाल झगा घालून खेळून आली, तिला दारात आडवला. लाल फुलं घेऊन पाहुणा आला, त्याला आडवला. संध्याकाळी सूर्य मावळायला लागला, आता बोला, त्याच्याही अंगावर काठी घेऊन धावला." गृहस्थ खुदकन हसले. "लोक मालकिणीला म्हणाले, अगं हा वेडा झाला, हाकल याला. मालकीण राखणदाराकडं गेली. बघते तर काय, डोळे सुजलेले, काठी धरून धरून बोटं वाकडी झालेली, आणि तरी उभा. ताठ. तिच्याच दारात, तिच्यासाठी." आणि तिथं ते थांबले. सभागृहातही ते असेच थांबायचे, सूर हवेत सोडून, पण तिथं ते थांबले की पुढचं त्यांना ठाऊक असायचं. आज त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तिला कळलं की ही गोष्ट त्यांनी याआधी कधी सांगितलेली नाही, आणि तिचा शेवट त्यांच्यापाशी नाही. ते तिच्याकडंच बघत होते. "मग?" गृहस्थ म्हणाले. "काय म्हणाली मालकीण?"

खाज उतरत होती. छातीवरचे चट्टे अजून लाल होते, आणि डाव्या डोळ्यालाही आता ते लाल दिसत होते, केसभर फिके. तिनं त्यांच्यावर तळवा ठेवला. कातडी ऊन होती.

"म्हणाली," ती सावकाश म्हणाली, "फार जागलास रे. आता नीज. दार मी बघते."

मामंजींनी मान खाली घातली. नर्स जवळ येऊन उभी होती, हात थेंब सोडायच्या नळीच्या चाकावर ठेवून, विचारल्यासारखी.

"सुरू करा," ती म्हणाली.